आजीच्या तोंडची नावे

(संस्थेच्या पाठीराख्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वसतिगृहाचा अहवाल आत्ताच वाचून झाला. मुले किती, मुली किती, तांदूळ किती लागला, छताचे काम कुठवर आले, हे सगळे तुम्ही ऐकले. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मला दिलेल्या वेळात एका अर्जातल्या एका रकान्याविषयी बोलायचे आहे. दर शनिवारी आम्ही कार्यालयाच्या ओसरीवर कागदपत्रांचे टेबल मांडतो. दाखले, अर्ज, प्रतिज्ञापत्रे असली कामे तिथे चालतात. त्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न एकच असतो: पणजोबांचे नाव काय?

आधी तुम्हालाच विचारतो. वडिलांच्या वडिलांच्या वडिलांचे नाव ज्यांना माहीत आहे त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. आता पणजीचे नाव माहीत असलेल्यांनी हात वर करा. बघा, किती हात खाली आले! आता तिच्या माहेरच्या गावाचे नाव? राहू द्या.

आपल्याकडे पूर्वजांची नावे जपणारी माणसे पूर्वीपासून आहेत. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला कुणी विधीसाठी गेले की तीर्थोपाध्याय चोपडी उघडतात आणि तुमच्या घराण्यातले कोण कधी येऊन गेले ते वाचून दाखवतात. कोल्हापूर-सांगलीकडे आणि पलीकडे कर्नाटकात हेळवी येतात. बैलावर बसून यायचे, दारात उभे राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायच्या, नवीन जन्मलेल्यांची भर घालायची, धान्य घेऊन पुढच्या गावी जायचे, असा त्यांचा पिढीजात व्यवसाय. पण या चोपड्यांत नाव कुणाचे? ज्याच्याकडे जमीन होती, तीर्थाला जायला पैसा होता, दारात आलेल्याला द्यायला पायलीभर धान्य होते, त्याचे.

आदिवासी समाजात आठवण नव्हती असे मात्र कुणी समजू नये. यवतमाळ-चंद्रपूरकडे गोंडांच्या घरी परधान येतो, बाना नावाचे तंतुवाद्य वाजवत कुळाची आणि देवांची कथा गातो. गोंडांचे चार देव, पाच देव, सहा देव, सात देव मानणारे गट कोणते, कुणाची सोयरीक कुणाशी होते, हे तो जाणतो. मेळघाटातले कोरकू मेलेल्या माणसासाठी लाकडी फळी कोरून उभी करतात, तिला मुंडा म्हणतात. तिच्यावर घोडेस्वार असतो, चंद्र-सूर्य असतात. भामरागडचे माडिया मृतासाठी दगड उभा करतात. त्या दगडांच्या रांगेतून एखाद्या म्हाताऱ्याबरोबर चालत गेलात तर तो प्रत्येकापाशी थांबून हा कोण, तो कोण, ते सांगेल. आठवण आहे. कागद नाही.

आणि सरकार मागते कागद.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अनुसूचित जमातींची पहिली यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाली. त्यामुळे महाराष्ट्रात जमातीचा दाखला मागताना कुटुंबाचा त्या तारखेच्या आधीचा पुरावा विचारला जातो. पुढे उच्च शिक्षणाला किंवा नोकरीला नुसता दाखला पुरत नाही, पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठीचा राज्याचा कायदा २००१ पासून लागू आहे आणि त्यात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावर टाकली आहे. हा बंदोबस्त उगाच आलेला नाही. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा दुसऱ्यांनी बळकावल्या, म्हणून तो आला. हे मान्य केलेच पाहिजे. पण चोरासाठी लावलेले कुलूप घरच्यालाच उघडता येत नाही, अशी गत पुष्कळ ठिकाणी झाली आहे.

म्हणजे १९५० च्या आधीचा शाळेचा दाखला हवा. ज्या पाड्याला शाळाच १९७० नंतर आली तिथला आजोबा कुठून आणणार? कोतवाल बुकात जन्ममृत्यूची नोंद असते, ती मिळाली तर उत्तम. पण जुनी पाने मोडीत असतात. मोडी वाचणारा शोधा, त्याला तालुक्याला न्या, पाने वाळवीने खाल्लेली निघतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला, हे तुम्हाला आठवत असेल. आमच्या पाड्यांवरची माणसे हा शोध त्याच्या कितीतरी आधीपासून, गाजावाजा न करता, करत आली आहेत.

नोंद सापडली तरी नाव जुळत नाही. आपल्या भागात वारावरून नाव ठेवण्याची चाल आहे. सोमवारी जन्मला तो सोम्या, बुधवारी जन्मला तो बुध्या, शुक्रवारी जन्मली ती शुक्री. गुरुजींना ते नाव गावठी वाटले की बुध्याचा बुधाजी होतो. पुढच्या कारकुनाच्या हातून त्याचा बुधा होतो, आणि मुलाच्या दाखल्यावर वडिलांचे नाव तिसरेच काही असते. जन्मतारीख सगळ्यांची १ जून. आमच्या वसतिगृहातल्या मुलांच्या आईबापांचे वाढदिवस एकत्र करायचे म्हटले तर १ जूनला मांडव घालावा लागेल! जातीच्या रकान्यात कुठे ‘ठाकर’, कुठे ‘ठाकूर’, कुठे नुसते ‘हिंदू’. लिहिणाऱ्याने अर्ध्या मिनिटात लिहिले, आणि नातवाची दोन वर्षे ते निस्तरण्यात गेली.

आता एका मुलीची हकीकत सांगतो. तिचे नाव मी सांगणार नाही, गावही नाही. आपल्या वसतिगृहात पाच वर्षे राहिली, बारावीला चांगले गुण मिळाले, नर्सिंगला जायचे ठरवले. ठाकर समाजातली. घरात पहिली शिकलेली तीच. वडील वीटभट्टीवर जातात. आजोबा वारले. त्यांचा मूळ पाडा मुंबईला पाणी देणाऱ्या एका धरणाखाली गेला. (आपल्यापैकी जे मुंबईहून आले आहेत ते ते पाणी पितात, सहज सांगतो.) जमीन कागदावर सावकाराची, कसणारा हा. त्यामुळे धरणाच्या कागदांतही यांचे नाव नाही. घरात एकच आधार उरला होता, तो म्हणजे आजी.

आजी ओसरीवर आली, पाय पसरून बसली. आम्ही वही उघडली. ‘आजी, आजोबांचे नाव काय?’ आजी गप्प. ‘सासऱ्यांचे?’ गप्प. आमच्या नवीन कार्यकर्त्याला वाटले, म्हातारपणी विसरली असेल. नात हसायला लागली. म्हणाली, ‘तिला माहीत आहे. ती घेणार नाही.’ नवऱ्याचे आणि सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, ही रीत तिने साठ वर्षे पाळलेली, ती आमच्या वहीसाठी कशी मोडणार? मग नातीने युक्ती काढली. ‘आये, सांग, कुठला वार?’ आजी म्हणाली, ‘सोमवार सरला की येतो तो.’ आम्ही लिहिले, मंगळ्या. तिने मान डोलावली. सासऱ्याचे नाव वाराचे नव्हते. ते एका झाडाचे होते, म्हणून अंगणातल्या त्या झाडाकडे बोट दाखवले.

एकदा सुरू झाल्यावर आजी थांबेना. सासऱ्याला चार भाऊ होते. थोरला तापाने गेला. दुसरा लाकडाच्या कंत्राटदाराबरोबर गेला तो परत आला नाही. तिसऱ्याला दोन मुली. चौथा लहानपणी मामाकडे राहिला आणि तिथे शाळेत जायचा, ‘पाटी घेऊन’. आजीच्या सांगण्यात सन कुठेच नव्हता. ज्या वर्षी नदीने खळे नेले, ज्या वर्षी गुरे मेली, ज्या वर्षी थोरलीचे लगीन झाले, अशा खुणा. पण एकाही नावाची उलटापालट झाली नाही. पुढच्या शनिवारी आम्ही तीच नावे मुद्दाम उलट्या क्रमाने विचारली, तर तिने आम्हालाच दुरुस्त केले.

‘पाटी घेऊन’ हे दोन शब्द पकडून तिचे वडील आणि आमचा एक कार्यकर्ता मामाच्या गावी गेले. तिथली शाळा जुनी. दाखल-खारीज रजिस्टर पत्र्याच्या पेटीत होते. मुख्याध्यापकबाईंनी, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे, स्वतः बसून पाने उलटली. दुसऱ्या दिवशी दुपारी नोंद सापडली. स्वातंत्र्याच्या आधीची. नाव आजीने सांगितले तेच, वडिलांचे नाव तेच, आणि जातीच्या रकान्यात ‘ठाकर’. त्या पानावर हात ठेवून मुलीचे वडील बराच वेळ उभे राहिले, असे आमचा कार्यकर्ता सांगतो. आपल्या घराण्यातल्या कुणाचे नाव लिहिलेले त्यांनी प्रथमच पाहिले.

हा चुलत पणजोबा आणि ही मुलगी एकाच कुळातली हे दाखवायला वंशावळीचे प्रतिज्ञापत्र लागते. ती वंशावळ आजीच्या तोंडून उतरली आहे. खाली तिचा अंगठा आहे. प्रकरण समितीपुढे आहे. घटनेच्या आधीच्या अशा नोंदींना सर्वांत जास्त वजन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. मार्च २०२३ च्या निकालात असेही म्हटले आहे की चालीरीती, देवदेवता, विधी विचारून घेतली जाणारी आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी मानता येणार नाही. हे बरे झाले. शहराच्या कडेला वाढलेल्या पोराला ‘तुमच्यात मेलेल्याचे काय काय करतात’ असे विचारायचे, आणि अडखळला की तो आदिवासीच नाही, हा कुठला न्याय? दक्षता पथकाचा माणूस येणार म्हणून आपल्याच आजीकडून विधींची यादी पाठ करणारी मुले मी पाहिली आहेत.

इथे अनेक जण हळू आवाजात एक गोष्ट विचारतात, म्हणून ती मोठ्याने सांगून टाकतो. अनुसूचित जमातीच्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात ती आहे, जमातींच्या नाही. आदिवासी ख्रिस्ती माणसाने आपले कूळ लपवण्याचे कारण नाही, आणि आपल्या आजोबांचे देव कोणते होते हे सांगायला लाजण्याचेही नाही.

दुसऱ्या एका कायद्याने मात्र आजीचा मान ठेवला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून काय चालते ते पाहा. दावेदार सोडून गावातल्या वृद्धांचा लेखी घेतलेला जबाब चालतो. वंशावळ चालते. जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान याही खुणा चालतात. असे किमान दोन पुरावे ग्रामसभेपुढे ठेवायचे. आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा असतो, इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य. एका कचेरीत ज्या म्हातारीच्या शब्दाला किंमत नाही, त्याच म्हातारीच्या शब्दावर दुसऱ्या कचेरीत दीड एकर जमीन उभी राहते. पण ती म्हातारी जिवंत असेपर्यंतच. मागच्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या तीन पाड्यांवरची चार म्हातारी माणसे गेली. त्यांपैकी एकाचाच जबाब आम्ही लिहून घेतलेला होता.

आता आपल्याकडे वळतो, कारण हा प्रश्न फक्त पाड्यांवरचा नाही.

इथे बसलेल्यांपैकी किती घराणी दुष्काळापासून सुरू होतात? १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, मग १८९९-१९०० चा, ज्याला लोक छप्पन्या म्हणतात. आईबाप मेलेली, वाटेत सोडलेली पोरे मिशनच्या अनाथाश्रमांत आली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि नंतर गुजरातेतून मुली आणल्या. रमाबाईंचे स्वतःचे आईवडीलही दुष्काळातच गेले होते. त्या पोरांना जेवण मिळाले, अक्षर मिळाले, नवीन नावही मिळाले. जुने नाव पुष्कळदा तिथेच संपले.

आमच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची पणजी अशीच आलेली. जुन्या वहीत तिच्याविषयी एक ओळ आहे: मिळालेले नाव, अंदाजे वय, आणल्याची तारीख. गाव नाही, जात नाही, आईबाप नाहीत. घरात तिच्याविषयी एकच गोष्ट चालत आली. ती कुठल्याशा बोलीतले एक अंगाईगीत म्हणायची, ते कुणालाच कळत नसे आणि पुढे कुणालाच आठवले नाही. मी त्यांना एकदा विचारले, ‘सर, तुमचे सगळे व्यवस्थित आहे. मुले परदेशी आहेत. गाव कळले तर तुम्ही काय करणार?’ ते म्हणाले, ‘काही नाही. एकदा जाऊन येईन. तिथल्या माणसांचे चेहरे बघेन.’ त्यांना ना दाखला पाहिजे, ना जमीन. तरी दोन वर्षे ते जुन्या अहवालांची पाने चाळत आहेत, आणि मी त्यांना ‘आता पुरे’ म्हणणार नाही.

पवित्र शास्त्रात या दुःखाची नोंद आहे. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलहून परत आलेल्यांची यादी आहे. आपण ती उपासनेत सहसा वाचत नाही, नुसती नावे म्हणून सोडून देतो. त्या यादीत सहाशे बावन्न माणसे अशी आहेत की आपले घराणे कोणते आणि आपण इस्राएलाचे की नाही हे त्यांना दाखवता आले नाही. काही याजकांनी वंशावळीत आपली नावे शोधली, ती सापडली नाहीत, म्हणून त्यांना याजकपणातून बाजूला ठेवले. म्हणजे पडताळणी समिती तेव्हाही होती! पण माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. कागद नसलेली ही सहाशे बावन्न माणसे इतरांबरोबर चालत आली, आणि लिहिणाऱ्याने त्यांना मोजले. त्यांच्या मूळ वस्त्यांची नावेसुद्धा लिहिली. कागद नाही, एवढेही त्याने कागदावर घेतले.

आणि मत्तयाची वंशावळ. बापाचे नाव, मुलाचे नाव, बापाचे नाव, मुलाचे नाव, असे चाललेले असताना मध्येच तामार येते, राहाब येते, परदेशी रूथ येते, उरीयाची बायको येते. आपल्या प्रतिज्ञापत्रातल्या वंशावळीत अजून फक्त पुरुषांच्या चौकटी असतात. सांगणारी आजी, पण चौकटीत तिला जागा नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव येऊ लागले, ही सुरुवात चांगली. आम्ही आमच्या वहीत आधीपासूनच दोन्ही बाजू लिहितो. समितीला लागत नसले तरी.

आता मागणे. पैशाचे मागणे कोषाध्यक्ष करतीलच, मी दुसरे करतो.

तुमच्या मंडळीत बाप्तिस्म्याची, विवाहाची, दफनाची जुनी वही असेल तर ती कुठे आहे ते आधी पाहा. कपाटात आहे, की कुणा जुन्या पाळकांच्या घरी राहिली? ओल लागली असेल तर उन्हात घालू नका, सावलीत वाळवा. पानांचे फोटो काढून ठेवा. १९५० च्या आधीच्या पानावर एखाद्या आदिवासी कुटुंबाचे गाव आणि कूळ लिहिलेले असेल, तर ते पान कुणाच्या तरी नातवासाठी लाखमोलाचे आहे. काही वह्यांत जातीच्या रकान्यात नुसते ‘ख्रिस्ती’ लिहिलेले आढळते. तरीही गाव आणि आईबापांची नावे असतात, तीही उपयोगी पडतात. मात्र वही कुणाच्या हाती देऊन टाकू नका, आणि कुणाची नोंद त्याच्या परवानगीशिवाय चारचौघांत वाचून दाखवू नका. काहींच्या घराण्यात झाकून ठेवलेले दुःख असते.

ज्यांना मोडी येते त्यांनी महिन्यातला एक शनिवार आम्हाला द्यावा. सध्या आमच्याकडे एकच गृहस्थ आहेत, त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे आहे.

तरुणांना मे महिन्याच्या सुटीत पाड्यांवर यायचे असेल तर या. सोबत वही आणा, मोबाईलवर आवाज मुद्रित करायचा असेल तर आधी विचारा. प्रश्न सनावळीने विचारू नका, उत्तर मिळणार नाही. कुठल्या पुरात, कुठल्या लग्नात, कुठल्या झाडाखाली, असे विचारा. आजी नाव घेत नसेल तर नातवाला जवळ बसवा. आणि पहिल्या दिवशी वही उघडूच नका. चहा घ्या, भात लावायचा असेल तर लावू लागा.

त्या मुलीच्या प्रकरणाची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. आजीला घेऊन जायचे की नाही यावर घरात चर्चा चालू आहे, कारण तिला गाडी लागते. तिचे म्हणणे, मी येणार. साहेबाने विचारलेच तर मी सांगेन, फक्त नावे नातीने घ्यायची.